टमी टकनंतरचं दुखणं: हौस होती म्हणून सोसायचं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत टमी टक, म्हणजे पोटावरची लोंबलेली कातडी काढून पोट सपाट करायच्या ऑपरेशनवर आलेला लेख वाचला. आधीचं पोट, नंतरचं पोट, फोटो छान होते, पण मधल्या दिवसांबद्दल अख्ख्या लेखात एकच ओळ, की थोडा त्रास होतो आणि दोन आठवड्यांत पेशंट कामाला लागतो. मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे, या पेशंटची ड्रेसिंग करण्यात, ड्रेनमधून, म्हणजे जखमेत ठेवलेल्या नळीतून, निघालेलं पाणी मोजण्यात बरीच वर्षं गेलीत, म्हणून त्या एका ओळीवर मला जरा बोलायचंय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण गोळ्यांचा आणि पायांचा भाग तेवढा ठेवा.

सगळा घोळ 'हौसेचं ऑपरेशन' या समजुतीपासून सुरू होतो. अपेंडिक्स काढलेल्या माणसाची लोक येऊन विचारपूस करतात, त्याला कोणी ऊठ आणि कामाला लाग म्हणत नाही. टमी टक केलेली बाई मात्र ऑफिसात हर्निया सांगते, नातेवाइकांना काही सांगतच नाही, आणि घरात ज्या एकदोघांना माहीत असतं त्यातलं कोणीतरी पहिल्याच रात्री बोलून मोकळं होतं, "तुलाच हौस होती ना, मग आता कण्हतेस कशाला?" हे वाक्य मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय आणि ते ऐकून पेशंट काय करतो तेही बघितलंय. तो गोळी मागायचा बंद होतो. (पेशंट पुरुष पण असतात बरं का, खूप वजन उतरवल्यावर लोंबलेली कातडी काढायला येतात, आणि ते तर बायकांपेक्षा जास्त लपवतात.) दुखणं म्हणजे हौसेची शिक्षा असं एकदा डोक्यात बसलं की माणूस निमूट पडून राहतो, आणि या ऑपरेशननंतर निमूट पडून राहणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. ती का, ते पुढे सांगते.

आधी ऑपरेशनमध्ये काय होतं ते बघा. ओटीपोटाच्या खालच्या बाजूला एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत चीर असते. तिथून वरची कातडी आणि चरबी बरगड्यांपर्यंत सुटी करतात, बाळंतपणात किंवा वजन वाढल्याने पोटाचे दोन उभे स्नायू बाजूबाजूला सरकलेले असतात ते छातीच्या हाडाखालपासून खालपर्यंत मध्ये ओढून शिवतात, मग कातडी खाली ओढून जादाची कापून टाकतात आणि बेंबीसाठी नवं भोक करून तीच बेंबी तिथून बाहेर काढतात. एवढं सगळं होतं आणि आपण त्याला 'थोडा त्रास' म्हणतो. गंमत अशी की एवढी मोठी चीर असून ती स्वतः तितकी दुखत नाही, कारण तिथल्या बारीक नसा कापल्या गेल्याने खालचं पोट बधीरच असतं. दुखतात ते आतले शिवलेले स्नायू, कारण ते प्रत्येक श्वासाला, खोकल्याला, हसण्याला, कूस बदलण्याला ओढले जातात. म्हणून ज्याची फक्त कातडी काढलीय आणि ज्याचे स्नायू शिवलेत त्यांच्या दुखण्यात बराच फरक असतो, आणि "माझी मैत्रीण तर चौथ्या दिवशी फिरत होती" या असल्या तुलनेला काही अर्थ नसतो. सोबत लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, झालं असेल तर कमरेच्या बाजू ठणकतात, मार बसल्यासारख्या, ते वेगळंच.

आता गोळ्या. बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनच्या वेळीच पोटाच्या नसांना बधीर करणारं इंजेक्शन देतात, ब्लॉक म्हणतात त्याला. त्यामुळे त्या संध्याकाळी पेशंट एकदम खुशीत असतो, फोन करतो, "काही दुखत नाहीये हो सिस्टर, गोळी नको मला" म्हणतो, आणि मग रात्री-अपरात्री किंवा दुसऱ्या दिवशी ब्लॉक उतरला की तोच पेशंट घामाघूम होऊन बेल वाजवतो. एकदा दुखणं इतकं चढलं की तोंडातून घेतलेली गोळी लागू पडेपर्यंतचा वेळ फार वाईट जातो. म्हणून पहिले काही दिवस दुखायला लागल्यावर गोळी असं करायचंच नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय त्या वेळेला घड्याळ बघून घ्यायची, ब्लॉक उतरायच्या आधीपासून. पाया बहुतेक वेळा पॅरासिटामॉलचा असतो आणि लोक तिला तापाची गोळी म्हणून हसतात, पण वेळच्या वेळी घेतली तर ती बऱ्यापैकी काम करते आणि जोराच्या गोळ्या कमी लागतात. फक्त एक लक्षात ठेवा, धडधाकट मोठ्या माणसालासुद्धा 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. आणि 'सगळं मिळून' म्हणजे खरंच सगळं मिळून, कारण पेनकिलरच्या दोन-दोन औषधं एकत्र असलेल्या कितीतरी गोळ्यांमध्ये आणि सर्दीच्या गोळ्यांमध्ये हेच औषध दडलेलं असतं. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून भागत नाही, खाली बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते वाचा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे घरात पडलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. काही सर्जन त्या देतात, काही रक्तस्रावाच्या भीतीने सुरुवातीला टाळतात, आणि किडनी, अल्सर, दमा असलेल्यांचा हिशोब आणखी वेगळा असतो. ट्रॅमाडॉलसारख्या जोराच्या गोळ्या थोड्याच दिवसांसाठी असतात, त्याने गुंगी येते, मळमळतं, चक्कर येते. त्या चालू असताना दारू नाही, झोपेची गोळी नाही, गाडी चालवणं नाही, आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगायचं कारण काहींचं ट्रॅमाडॉलशी जमत नाही. हेही लोक लपवतात.

दुखणं शून्यावर येईल असं मी कोणाला सांगत नाही, येतही नाही. मी विचारते, ताई, छाती भरून श्वास घेता येतोय का, खोकता येतंय का, बाथरूमपर्यंत चालता येतंय का? येत असेल तर औषध पुरतंय. येत नसेल तर कमी पडतंय, मग तुम्ही दुखण्याला दहापैकी कितीही आकडा द्या. तो आकडा तसाही लोक सिस्टरला बरं वाटावं म्हणून कमीच सांगतात.

जोराच्या गोळ्यांचा दुसरा उपद्रव म्हणजे पोट साफ होत नाही. यावर लेखात एक अक्षर नव्हतं, आणि पेशंट लाजून बोलत नाहीत. नव्याने शिवलेल्या स्नायूंवर कुंथणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. म्हणून शौचाला मऊ करणारं औषध डिस्चार्जच्या कागदावर आहे का ते घरी जायच्या आधी बघा, नसेल तर मागून घ्या, आणि चार दिवस वाट बघून मग नको, पेनकिलर सुरू झाल्यापासूनच. भरपूर पाणी प्या, चाला.

अंथरुणातून उठणं हा तर स्वतंत्र विषय आहे. पेशंट सवयीने सरळ पुढे उठायला जातो, अर्धा उठतो, ओरडतो आणि परत आडवा होतो, आणि मग पुढच्या वेळी उठायलाच घाबरतो. असं उठायचंच नाही. गुडघे वाकवा, खांदा आणि कंबर एकदम एका कुशीवर वळवा, पाय पलंगावरून खाली सोडा आणि त्याच वेळी हाताने गादीला रेटा देऊन बाजूने वर या, पोटाला काहीच करू देऊ नका, सगळं काम हाताचं. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही, दोन मिनिटं बसून राहायचं, चक्कर गेली की मग. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की उशी दोन्ही हातांनी पोटावर घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं. ती उशी कायम हाताशी ठेवा, उठून घ्यायला लागली तर काय उपयोग!

झोपायचं पाठीवर, डोकं-खांदे वर आणि गुडघ्यांखाली उशी, म्हणजे पोटावर ताण येत नाही. चालायचं पण पहिला आठवडाभर, कधी थोडं जास्त, कमरेत वाकूनच. मुद्दाम सरळ व्हायला जाऊ नका, कातडी ताणून शिवलेली असते, हळूहळू आपोआप सरळ होता. या वाकून चालण्याने कंबर मात्र अशी भरून येते की बरेच पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी पोटाबद्दल बोलतच नाहीत, नुसती पाठ पाठ करतात. काही बिघडलंय असं नाही, थोडं चाललं की खुर्चीत टेकून बसा, पाठीला आधार द्या. चालताना कोणाचा तरी हात धरा.

आता पाय, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. सौंदर्याच्या ज्या शस्त्रक्रियांत पायाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, त्यांत टमी टक मोडतं. ऑपरेशन लांबलचक, नंतर वाकून पडून राहणं, पोट आवळलेलं, हे सगळं रक्त साकळायला पोषक. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं, आणि ही भीती घालायची म्हणून नाही सांगत, टाळता येतं म्हणून सांगते. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी हाताला धरून उठवतो, घरी गेल्यावरही जागेपणी दर थोड्या वेळाने चार पावलं चाला, पडल्या पडल्या पंजे वर-खाली करा, स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय आवळून धरणारे लांब मोजे, दिलेत तर घाला, रक्त साकळू नये म्हणून टोचायची इंजेक्शनं दिली असतील तर एकही चुकवू नका. वजन जास्त, गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू, आधी कधी गुठळी झालेली, घरात कोणाला झालेली, हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगा. आणि म्हणूनच म्हणते की पेनकिलर ही चैन नाही. ज्याला दुखतंय तो चालत नाही. गोळी न घेता शूरपणे पडून राहणारा पेशंट मला जास्त काळजीचा वाटतो, तक्रार करत करत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारणारा परवडला.

पोटाचा पट्टा, बाइंडर, साधारण चार ते सहा आठवडे असतो, सर्जनप्रमाणे कमी-जास्त. त्याने आधार वाटतो, सूज आटोक्यात राहते. पण जितका घट्ट तितकं पोट सपाट असं काही नसतं हो! अति आवळला तर श्वास वरवरचा होतो, पायातलं रक्त वर यायला अडतं, कातडीला वळ पडतात, बेंबीजवळचा रक्तपुरवठा आधीच नाजूक असतो. पट्टा आणि पोट यांच्यात हाताची बोटं सहज शिरली पाहिजेत.

ड्रेनची लोकांना फार भीती असते. चिरेच्या आसपास एक किंवा दोन नळ्या, टोकाला छोटा रबरी बल्ब, त्यात आतलं पाणी जमा होतं. हात धुवायचे, बूच उघडून पाणी मापात ओतायचं, बल्ब पूर्ण दाबून त्याच अवस्थेत बूच लावायचं म्हणजे तो परत ओढायला लागतो, आणि किती मिली निघालं ते तारीख-वेळेसकट लिहायचं. दोन ड्रेन असतील तर दोन्हीचं वेगळं. रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. 24 तासांत 30 मिलीच्या खाली आला की साधारण काढतात, काही सर्जन हा आकडा थोडा वेगळा धरतात, काही ड्रेनशिवायच ऑपरेशन करतात. ड्रेन लोंबकळत ठेवू नका, कपड्याला पिनने अडकवा, नाहीतर चालताना टाक्याला ओढ बसते आणि तेच दुखणं पेशंट आतलं समजतो. काढल्यावर काही दिवसांनी पोटात पाणी हलल्यासारखं, एका बाजूला फुगल्यासारखं वाटलं तर पाणी साठलं असेल, या ऑपरेशननंतर नेहमी दिसणारा त्रास आहे हा, सुईने काढतात. घरी दाबत, चोळत बसू नका.

पहिली आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच, पण एकट्याने नको. पट्टा सोडल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणारे पेशंट मी पुष्कळ धरलेत. आत खुर्ची ठेवा, कोमट पाणी घ्या, दाराला कडी नको.

आणि शेक! गरम पाण्याची पिशवी! दुखतंय म्हटलं की घरातलं कोणीतरी प्रेमाने घेऊन येतंच. खालचं पोट बधीर आहे, पेशंटला चटका कळतच नाही, आणि कातडीचा रक्तपुरवठा कमी असल्याने भाजलेलं भरतही नाही लवकर. बर्फाचंही तेच, सर्जनला विचारल्याशिवाय नको. हा बधीरपणा महिनोन्‌महिने राहतो, बेंबीखालचा एखादा भाग कायमचाही राहू शकतो. मध्येच मुंग्या येतात, खाज सुटते, विजेचा झटका बसल्यासारखं होतं, बहुतेक वेळा नसा पुन्हा जाग्या होत असतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ किंवा बधिरपणा जाणवला तर सांगा, तिथली एक नस या ऑपरेशनमध्ये कधीकधी दुखावते.

मग घाबरायचं कधी? साधं दुखणं रोज थोडं उतरतं, एखाद दिवशी जास्त हालचाल झाली तर चढतं पण आराम केला की खाली येतं. जे दुखणं उतरणीला लागून पुन्हा चढतंय, एकाच बाजूला एकदम फुगून ठणकतंय, किंवा गोळी घेऊनही हलत नाहीये, त्यासाठी फोन करा, रात्र असली तरी. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर, टाक्यांभोवतीची लाली पसरतेय, घाण वास येणारा स्राव, कातडी किंवा बेंबी काळसर पडतेय, ड्रेनमध्ये अचानक ताजं रक्त, यातलं काहीही. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा, चोळू नका. आणि धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, असं झालं तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट इमर्जन्सीला जा, आणि तिथल्या डॉक्टरला टमी टक झालंय हे स्पष्ट सांगा. हर्निया वगैरे तिथे सांगू नका प्लीज.

मन पण पडतं. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आरशात बघितलं की सुजलेलं, निळं-पिवळं, वाकडं पोट दिसतं, फोटोतल्यासारखं काही नसतं, झोप अर्धवट, कुठल्याही कारणाने रडू येतं, आणि कशाला केलं हे, असं पेशंट पुटपुटतो. ज्याने घरात-बाहेर सगळ्यांपासून लपवलंय त्याला हे बोलायलाही कोणी नसतं. बहुतेकांचं सूज ओसरते तसं निवळतं, दोन-तीन आठवडे उलटूनही निवळत नसेल तर डॉक्टरांना सांगा. सूज मात्र निवांत जाते, काही महिने घेते, सकाळी कमी संध्याकाळी जास्त. व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

'दोन आठवड्यांत कामाला' हे टेबलावरच्या कामाबद्दल काहींच्या बाबतीत खरं आहे, बऱ्याच जणांना तिसरा आठवडाही लागतो, आणि तेव्हाही दुपारनंतर थकायला होतं. उभं राहायचं, उचलायचं काम असेल तर सहा आठवडे धरून चाला. तोपर्यंत चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, आणि लहान मूल त्याहून जड असतं हे आयांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लक्षात येतं! तुम्ही खुर्चीत बसा आणि मुलाला तुमच्या मांडीवर ठेवायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा, स्वतः उचलू नका. पोटाचे व्यायाम डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. गाडी तेव्हाच, जेव्हा जोराच्या गोळ्या बंद झाल्यात आणि कचकन ब्रेक दाबता येतो.

संपादक महोदय, तुमच्याकडे माझं मागणं एवढंच की अशा लेखात आधी आणि नंतरच्या फोटोंमध्ये पंधराव्या दिवसाचाही एक फोटो टाका, ड्रेनसकट पाचव्या दिवसाचा टाकलात तर आणखी उत्तम. आणि सर्जन मंडळींनी ऑपरेशनची तारीख देताना पेशंटला विचारावं की पहिला आठवडाभर रात्री उठवायला, ड्रेन मोजायला, मुलाला उचलायला घरात कोण आहे, आणि त्या माणसालाही समोर बसवून हे सगळं सांगावं. 'कोणी नाही, कोणाला कळायला नकोय' असं उत्तर आलं तर तारीख पुढे ढकलावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आपली,
एक नर्स

ता.क. सिगारेटचं राहिलंच. कमीत कमी चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, एकसुद्धा नाही, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ताणून शिवलेली कातडी मरते. वेप, तंबाखू, निकोटिनचं च्युइंग गम आणि पॅच यातही निकोटिनच असतं, तेव्हा "सिगारेट सोडली, आता नुसतं गम चघळतो" हेही सर्जनच्या कानावर घाला.